हरीमामांचा सावकाश गजरा

हरी मढवींना दोन गोष्टींचा मनस्वी राग यायचा. कुणी माईकवर टिचकी मारून ‘हॅलो, हॅलो’ केलं की, आणि कुणी ‘गजरा’ हे गाणं मध्येच बंद करा म्हटलं की. पहिल्या गुन्ह्याला ते नुसते डोळे वटारायचे. दुसऱ्याला मात्र थेट भोंगे उतरवून, वायरी गुंडाळून घरी निघून जायचे. मग तिथे बारसं असो, नाहीतर नगरसेवकाचं भाषण असो. लोक मागून धावायचे, समजूत काढायचे, आणि परत आल्यावर हरीमामा आधी ‘गजरा’ पहिल्यापासून लावायचे.

त्यांचं ‘चंद्रा साउंड सर्व्हिस’ हे दुकान भिवंडीत मंडईजवळ, आमच्या घराच्या बरोबर समोर होतं. राहायला ते जवळच्या शेलार गावात. सकाळी सायकलवरून नदीनाका ओलांडून यायचे, आल्या आल्या भोंग्यांवरची धूळ पुसायचे आणि एखादी कॅसेट लावायचे. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. माझे वडील, तात्या, कोर्टात कारकून होते. त्यांच्या मते नाट्यगीतानंतर महाराष्ट्रात गाणंच झालेलं नव्हतं. समोरचं दुकान सुरू झालं की ते खिडक्या लावून घ्यायचे. उन्हाळ्यात आम्ही त्या घरात कसे जगलो हे आमचं आम्हालाच ठाऊक.

‘गजरा’ आला चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर. हरीमामा मुंबईला भोंगा आणायला गेले होते, तिथल्या एका बोळातून ते ही कॅसेट घेऊन आले. कंपनी कुठलीतरी चिमुकली, ती पुढे वर्षभरात बंदही पडली. गाणारे दोघं, रामनाथ आणि तुळजा. आडनावंसुद्धा छापली नव्हती. गाणं असं, की एक बाई एसटीतून उतरते आणि तिचा गजरा गाडीतच राहतो.

‘गजरा राहिला गाडीत गं, गाडी गेली वाड्याला!’

मग तो म्हणतो, थांब, मी आणतो, आणि गाडीमागे पळत सुटतो. प्रत्येक कडव्यात तो एकेक गाव मागे टाकतो आणि ती इथे उभी राहून नवीन काहीतरी आठवते. रुमालही राहिला, पानाचा डबाही राहिला. वाड्याची एसटी शेलारवरूनच जाते, त्यामुळे शेलारच्या लोकांनी ते गाणं ताबडतोब आपल्या नावावर करून टाकलं. कोण कुठले रामनाथ आणि तुळजा, पण त्यांना आपली गाडी माहीत आहे म्हणजे ते आपलेच, असा सरळ हिशेब होता.

कॅसेटच्या कव्हरवर दोघांचा फोटो होता. मागे पडद्यावर रंगवलेली एसटी, पुढे काळा चष्मा आणि पांढरे बूट घातलेले रामनाथ, शेजारी नऊवारीतल्या तुळजाबाई. हनुवटीवर ठसठशीत तीळ आणि अंबाड्यावर भलामोठा गजरा.

“गाण्यात गजरा हरवलाय आणि फोटोत डोक्यात आहे. इथेच यांची लायकी कळते,” असं तात्या म्हणाले. म्हणजे तात्यांनी कव्हर निरखून पाहिलं होतं.

हे दोघं नवरा-बायको की नाहीत, यावरून भिवंडीत तट पडले. रिक्षा स्टँडवरचे म्हणत, नवरा-बायको असते तर तो गजऱ्यासाठी वाड्यापर्यंत पळालाच नसता. बायकांचं म्हणणं, नवरा-बायको आहेत म्हणूनच ती एवढी कामं सांगते. हरीमामांच्या दुकानामागे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. तिथले उत्तरेकडचे कारागीर शिफ्ट सुटली की दुकानात डोकावायचे. “हरीभाई, वो फूलवाला गाना लगाओ ना!” त्यांना शब्द अर्धे कळायचे, पण ‘वाड्याला’च्या जागी ते सगळे मिळून जोरात हात उंचावायचे. एकदा मी भाजी घेऊन येताना पाहिलं, त्यांच्यात माझे वडील उभे होते. हात उंचावला नव्हता, पण मान हलत होती. त्या दिवसापासून आमच्या खिडक्या उघड्या राहायला लागल्या.

आता या गाण्याची खरी गंमत सांगते. भिवंडीत लूम चालू असले की वीज त्यांच्या पोटात जायची. उरलीसुरली आमच्या वाट्याला. दिवे लालसर, पंखे दमलेले. हरीमामांचा मोठा डेक जुना, थेट विजेवर चालणारा, त्यामुळे तोही धापा टाकायचा. गाणं हळू चालायचं आणि हळू चालतं म्हणून आवाजही खाली यायचा. तुळजाबाईंचा आवाज जाड, भरदार, गुळाच्या पाकासारखा ओघळत यायचा. शुक्रवारी लूमना सुटी असते, तेव्हा गाणं जरा पळायचं. आम्हाला वाटायचं, सुटीचा दिवस आहे, मशीनही ताजंतवानं असणार.

बरं, ज्यांच्याकडे स्वतःचा टेपरेकॉर्डर होता त्यांचं काय? तर त्यांना कॅसेट भरून देणारेही हरीमामाच. मोठा डेक विजेवर, आणि भरून घ्यायचं मशीन सेलवर, कारण मध्ये वीज गेली तर नवी कॅसेट वाया जाऊ नये ही त्यांची काळजी. म्हणजे तिकडून गाणं हळू यायचं आणि इकडे जसंच्या तसं हळू भरलं जायचं. भिवंडी, शेलार आणि पार गणेशपुरीपर्यंत घरोघरी पोचला तो हा सावकाश ‘गजरा’. रेडिओवर तो कधी लागला नाही. कुणी लग्नाला कल्याणला गेलं आणि तिथे ‘गजरा’ भलत्याच वेगात ऐकला, तर परत येऊन सांगायचं, “कल्याणचा माईकवाला फारच घाईत होता बाई.” मूळ गाणंच तसं असेल असा संशय एकाही माणसाला आला नाही. मी गणित शिकवणारी बाई, मलाही नाही.

त्या वेगाला शेलारच्या बायकांनी पावलंही बसवली होती. दोन पावलं पुढे, कमरेत लवायचं, गजरा शोधल्यासारखं डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, मग सावकाश गिरकी. हळदीला हा नाच झाला नाही तर नवरीला हळद लागली असं कुणी मानायचं नाही. त्याला परवानगी गुणाबाईंची होती. गुणाबाई म्हणजे शेलारच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन सगळे विधी पार पाडणारी बाई ती धवलारीण, आणि मांडवात तिचा शब्द शेवटचा. गुणाबाईंचे धवले संपेपर्यंत हरीमामांनी बटणाला हात लावायचा नाही. त्यानंतर पहिलं गाणं ‘गजरा’. बाकीच्या कॅसेटींना त्या ‘कावकाव’ म्हणायच्या.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. हरीमामांची चंद्रा माझ्या वर्गात शिकली, गणितात जेमतेम पास झाली आणि पुढे लग्नाला आली. सोयरीक ठरली ती पंच्याण्णवच्या सुरुवातीला. त्याच सुमाराला हरीमामा अकलोलीला एका कार्यक्रमाचे भोंगे लावायला गेले. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाशी एक पन्नाशी उलटलेली बाई गुडघे शेकत बसली होती. हरीमामा शिडीवर होते. त्यांनी वरून हनुवटीवरचा तीळ पाहिला आणि हातातला भोंगा खाली पडू दिला. भोंग्याला पोचा पडला, तो पुढे ते कौतुकाने सगळ्यांना दाखवायचे.

“तुमी तुळजाताय न्हाय का? ‘गजरा’वाल्या?”

बाई दचकल्या. बरोबर रामनाथ होते, पांढऱ्या बुटांच्या जागी रबरी चपला आल्या होत्या, आणि रामनाथांची बायकोही होती. ती तुळजाबाईंची सख्खी मोठी बहीण. गाण्यात मागून ‘हो, हो, हो’ असा जो बायकी आवाज येतो, तो तिचाच. म्हणजे रिक्षा स्टँडवाले बरोबर निघाले, पण ती मेहुणी असेल हे त्यांनाही सुचलं नव्हतं. कोणी ओळखलं याचाच त्या तिघांना एवढा आनंद झाला की रामनाथांनी हरीमामांना तिथल्या तिथे मिठी मारली.

हरीमामांनी चंद्राच्या हळदीचं आमंत्रण दिलं. रामनाथ लगेच हो म्हणाले. तुळजाबाई म्हणाल्या, “येईन. पण गाणार नाही हं. आवाज खाली उतरला माझा, ती पट्टी आता लागत नाही. चार वर्षांमागे ठाण्याला गात होते, तर लोक मधेच ओरडले, ‘कॅसेट लावा, कॅसेट लावा.’ त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलं.”

हे सगळं मला पुढे तुळजाबाईंनी स्वतः सांगितलं. हरीमामांनी त्यातलं एवढंच ऐकलं होतं, ‘येईन.’

परत आले ते सांगतच आले. “तुळजाताय येनार. आमच्या चंद्रीच्या हलदीला गानार!” शेलारमध्ये सांगितलं, मंडईत सांगितलं, कारखान्यात सांगितलं. रिक्षाला भोंगा बांधून गावभर ओरडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेही त्यांच्या बायकोने, काशीमामींनी, हात धरला म्हणून. चंद्राने तर पणच केला, तुळजाताई गायल्याशिवाय मी पाटावरून उठणार नाही. बाप तसा लेक.

“हरी, त्या नक्की गाणार म्हणाल्या ना?” तात्यांनी विचारलं. कोर्टातला माणूस, त्याला साक्ष कच्ची वाटत होती.

“तात्या, मानूस लग्नघरी येतो तो काय नुसता जेवायला येतो?”

“बहुतेक जण त्यासाठीच येतात,” तात्या म्हणाले.

मे महिन्यातला शनिवार होता. दिवेलागणीच्या आधीच मांडव भरला. शेलार तर होतंच, पण आसपासच्या गावांतून टेम्पो भरून लोक आले होते, कारखान्यातले कारागीर ड्युटी बदलून आले होते आणि तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले होते. चंद्रा पाटावर बसली. गुणाबाईंचे धवले झाले. समोर पहिल्या रांगेत रामनाथ आणि दोघी बहिणी बसल्या होत्या, आणि हरीमामांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बोलायला माईक हातात घेतला.

“आता तुळजाताय गातील!” ते म्हणाले. आणि टिचकी मारली. आनंदात माणसाचं भान जातं ते असं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुळजाबाई जागच्या हलल्या नाहीत. हरीमामा माईक घेऊन त्यांच्यापाशी गेले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “दादा, मी तुम्हाला सांगितलं होतं. येईन म्हणाले, गाईन नव्हते म्हणाले. एवढ्या लोकांत माझी शोभा नका करू.”

मी शेजारच्याच खुर्चीत होते. हरीमामांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. आख्खं गाव मागे उभं, पोर पाटावर वाट बघतेय, आणि ज्या बाईला दहा वर्षं देव्हाऱ्यात ठेवलं तीच नको म्हणतेय. माझा जीव तुटला त्यांच्यासाठी. आणि राग आला, कबूल करते, तुळजाबाईंचाच आला. एक गाणं म्हणायला काय जातं, असं वाटलं. गळ्यातून काय जातं ते गाणाऱ्यालाच माहीत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

रामनाथ मोठ्या मनाचे. ते उठले, माईक घेतला आणि म्हणाले, “मी दोघांचंही गातो. लेकीची हळद आहे, अडून कशाला बसायचं?” त्यांनी आपला ढोलकीवाला बरोबर आणला होता. त्याने थाप मारली आणि रामनाथांनी ‘गजरा’ सुरू केला. मूळच्या वेगात.

बायका नाचायला उठल्याच होत्या. दोन पावलं पुढे गेल्या, कमरेत लवल्या, तोवर गाणं गिरकीच्या पुढे निघून गेलं. अर्ध्या बायका डावीकडे बघत होत्या, अर्ध्या उजवीकडे. दोघी-तिघी एकमेकींवर आदळल्या. हसण्याचा नुसता गदारोळ. रामनाथांना वाटलं, रंग भरला, त्यांनी वेग आणखी वाढवला.

“थांबवा!” गुणाबाईंनी हात वर केला. ढोलकी गप्प झाली. “आरं बाबा, येष्टी सुटली का तुजी? कवरी घाई करतंस!”

“बाई, गाणं असंच आहे,” रामनाथ घाम पुसत म्हणाले. “मीच गायलोय ना ते.”

“तू गायला असशील. पन ह्ये गानं असं न्हाय.”

आणि सगळा मांडव गुणाबाईंच्या बाजूने! ज्या माणसाने गाणं गायलं, त्यालाच शेलार ते गाणं समजावून सांगायला लागलं. एकाने टाळी वाजवून ठेका दाखवला. एक कारागीर म्हणाला, “भाईसाब, आराम से, आराम से.” रामनाथ गोंधळून आपल्या बायकोकडे बघायला लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “हरीमामा, कॅसेट लावा!”

मी तुळजाबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

हरीमामा मुकाट्याने डेकपाशी गेले. आता दुसरं काय करणार? गाव हसत होतं, पण ते हसणं त्यांना लागत होतं. त्यांनी कॅसेट घातली. दिवे लालसर जळत होते, गावाशेजारचे लूम धडधडत होते, आणि भोंग्यांतून आमचा ‘गजरा’ सुरू झाला, रोजच्यासारखा, सावकाश. बायकांची पावलं लगेच जागेवर आली.

तुळजाबाईंनी डोळे उघडले. “हे कोण गातंय?” त्यांनी मला विचारलं.

“तुम्हीच,” मी म्हणाले.

त्या ऐकत राहिल्या. बारीक, टिपेचा आवाज होता म्हणे त्यांचा तरुणपणी. भोंग्यातून येत होता तो जाड, भरदार, पिकलेला आवाज. त्या स्वतःशी हळूच गुणगुणल्या, जणू भोंग्यातल्या बाईची खात्री करून घेत होत्या. मला शेजारी बसून दोन्ही ऐकू येत होते आणि खरं सांगते, मला फरक कळला नाही. मग गुडघ्यावर हात रोवून त्या उठल्या. रामनाथांच्या हातातून माईक घेतला आणि दुसऱ्या कडव्याला कॅसेटच्या आवाजात आपला आवाज मिसळला.

‘रुमाल राहिला गाडीत गं, गाडी गेली वाड्याला!’

हरीमामांचा कान तो. त्यांनी एका शब्दात ओळखलं. आवाजाच्या चाकावर बोट ठेवून ते कॅसेटचा आवाज कमी कमी करत गेले, थोडा, आणखी थोडा, अगदी बंद होईपर्यंत. मांडवात कुणाला पत्ताही लागला नाही. नाच चालूच होता, पट्टी तीच, वेग तोच. एक ओळ झाली, दुसरी झाली, आणि मग पाटावर बसलेली चंद्रा किंचाळली, “आयव, ताय गातान! ताय गातान!”

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी रडत होते आणि तात्या हात वर करून ‘वाड्याला!’ म्हणून ओरडत होते. रामनाथांनी आपली कडवी त्या वेगात सांभाळून घेतली, त्यांच्या बायकोने ‘हो, हो, हो’ केलं, आणि गाणं संपल्यावर गुणाबाईंनी स्वतः तुळजाबाईंच्या गालाला हळद लावली.

नंतर पानं वाढायला घेतली तेव्हा रामनाथ डेकपाशी आले. त्यांनी हळूहळू फिरणारी कॅसेट पाहिली, वरचा लालसर दिवा पाहिला आणि कपाळावर हात मारून हसत सुटले. लूम, वीज, धापा टाकणारं मशीन, सगळं त्यांनी समजावून सांगितलं. मंडळी हसून लोळायची बाकी राहिली. हरीमामा तेवढे हसले नाहीत. त्यांचं तोंड पांढरं पडलं. तुळजाबाई जेवायला बसल्या होत्या, तिथे जाऊन ते हात जोडून उभे राहिले.

“ताय, मना माफ करा. धा वरसं तुमचं गानं मी चुकीचं वाजवलं. मना ठावच न्हवतं.”

तुळजाबाईंनी त्यांचे जोडलेले हात धरून खाली घेतले.

“चुकीचं कसलं, दादा? बाकी सगळीकडे लोक माझा गेलेला आवाज मागतात. तुमच्या गावाला आधीपासून माझा आत्ताचाच आवाज आवडत होता. मीच यायला उशीर केला.”